तीन खिळे

सासू पडली तेव्हा गुऱ्हाळं पेटली होती.
सीपीआरनं महिन्यानं परत पाठवली,
"आता घरीच बघा."
घरी बघणार कोण, तर मी.
जिच्या पाठीवर तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं, ती मी.

अकराव्या दिवशी शिष्टरबाई आली.
कृपाबाई लोंढे. फाट्यावर एसटी सोडून
उसाच्या सरीतनं चालत,
गळ्यात काळ्या दोऱ्यात बारका क्रूस,
पिशवीत कात्री, थर्मामीटर, रबरी हातमोजे
आणि स्वतःचा साबण.
पदर खोचला, सासूला कुशीवर घेतली.
माकडहाडापाशी रुपयाएवढं भोक.
वास आला तसा नवरा बाहेर गेला.
"जाऊ दे त्याला. तू बघ. नीट बघ."

मी म्हणालो,
"ह्या बाईनं मला काय केलंय तुम्हाला ठावं न्हाई,"
आणि पोलकं वर करून पाठ दावली.
तिनं डागावरनं बोट फिरवलं,
लांबी मोजावी तसं.
मग म्हणाली,
"माफ करू नकोस.
कूस तेवढी बदल.
दर दोन तासाला."

घड्याळ कुठलं? कारखान्याचा भोंगा होता
पण तो पाळी बदलताना. मधल्या वेळी काय?
तिनं ओट्यावर बसून सगळं गाव विचारून घेतलं:
डेअरीचा टेम्पो, शाळेची घंटा, गारगोटीची एसटी,
मशिदीतली बांग, आणि रात्री लाईट आली की
बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणारा शेजारचा सर्जेराव.
असा दिवस भरला.

मग वरवंट्यानं खाटेवरच्या भिंतीत तीन खिळे ठोकले.
डावा, मधला, उजवा.
माझ्या हातातली एक बांगडी काढून डाव्यावर अडकवली.
"वळवलीस की हलव.
वाचता येत नसलं तरी चालतंय."

हातमोज्यांत पाणी भरून गाठ मारली,
टाचांखाली ठेवले, पाच पाच बोटांचे दोन फुगे.
सासू हसली, अर्ध्या तोंडानं.
तोवर तिला हसताना मी बघितलं नव्हतं.

पैसे घेतले नाहीत. भाकरी-खर्डा घेतला
आणि खर्डा मिळमिळीत म्हणून बोलणी दिली.

चार वर्षं. भोक भरलं.
सासू गेली ती कोरी पाठ घेऊन.
माझी काय कोरी झाली नाही.

पुढं बाईच्या मागनं मीपण हिंडलो,
धनगरवाड्यावर, कुंभारांच्यात, भट्टीमागच्या खोपीत.
पिशवीत खिळे. दगड कुठंबी मिळतो.
एकदा चढणीला विचारलं, बाई, किती घरं झाली हो?
दम घेत म्हणाली,
"तीन-चार किलो खिळे गेले असतील."

औंदा ती पडली.
उत्तरेश्वर पेठेत भाड्याची खोली.
घरमालक दारातनंच म्हणाला,
भिंतीला खिळा मारायचा नाही, रंग नवा हाय.
मी काय बोललो नाही.
बांगडी माझ्याच हातात फिरवतो.
डाव्या कुशीला डाव्या हातात,
उजव्या कुशीला उजव्या,
उताणी असली की ओच्यात.

काल पहाटं माझा डोळा लागला.
खाली दूधवाल्याची किटली वाजली तरी कळलं नाही.
जाग आली ती तिच्या आवाजानं,
"बांगडी कुठल्या हातात हाय, बघ."

डाव्यातच होती अजून.