मावशीचं नाव

लुसिमारमावशीचं कार्ड
मँडिओकाच्या पिठाच्या डब्यात असायचं,
पिठाच्या खाली, पिशवीत, पिशवीला रबर.
बाहेर काढायचं तर आधी
कोपरापर्यंत हात पिवळा करावा लागायचा.
तेवढ्यात निम्म्या वेळा विचार बदलतो, म्हणायची.

बेलेममध्ये, आमच्या गल्लीत,
सहा घरांत मिळून ते एकच कार्ड.
बाकीच्यांची नावं मळलेली.
हे मी म्हणत नाही, इथं असंच म्हणतात:
हप्ता चुकला की नाव मळतं,
आणि मळक्या नावाला कोणी फ्रिज देत नाही,
चप्पलसुद्धा नाही.
मावशीचं नाव धुवून वाळत घातलेलं,
म्हणून सगळे तिच्या दारात.

ती नाही म्हणायची नाही.
वही काढायची.
एका माणसाला एक पान.
सोकोरोचा पंखा, सहा हप्ते.
एदमिल्सनचे दात, आठ.
पान भरलं की दुसरं पान नाही,
मग सख्खा असो की शेजारचा.

मला मांडीवर घेऊन बिल उलगडायची:
हे पैसे नाहीत गं, ही तारीख आहे.
सव्वीसला बिल बंद होतं, पाचला भरायचं.
सत्तावीसला घेतलेलं कापड
एकोणचाळीस दिवस फुकट वापरायला मिळतं,
पंचविसाव्याला घेतलेलं दहाच दिवस.
दुकानदाराला कशाला सांगायचं हे?
आणि बिलाच्या तळाशी
तो एक लाघवी आकडा असतो ना,
'किमान एवढे भरा',
तो ती शिवणाच्या कात्रीने कापून टाकायची.
बिल वाचायच्या आधीच.

मग जिल्वानमामाने होडीला इंजिन घेतलं.
दहा हप्ते.
चार दिले.
पाचव्या महिन्यात तो नदीवर वर कुठेतरी,
फोन बंद,
इंजिन मात्र चालू असणार.

अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात,
पण आमच्याकडे अंथरूण कुठलं?
झोपायला झोळ्या, दोन खांबांमध्ये बांधलेल्या.
झोळीत पाय पसरता येत नाहीत,
आणि झोळी पसरली
तर ती भीक.
मावशीने पसरली नाही.
शाळेच्या गणवेशांचे खिसे घेतले शिवायला,
रात्री, खिशाला दोन नाणी या दराने.
मी एकशे बारापर्यंत मोजले आणि झोपले.

त्या महिन्यात बिल आलं तेव्हा
कात्री हातात धरून ती बराच वेळ बसली.
तळचा आकडा छोटासा होता.
दोन रात्रींच्या खिशांत बसला असता.
मी पाहिलं, तिने त्यावर बोट ठेवलं,
उचललं, परत ठेवलं.
मग कापला.
एरवी सरळ कापायची.
त्या दिवशी कड वाकडी आली.

मामा पावसाळ्यानंतर उगवला,
खांद्यावर एवढा मोठा मासा,
तोंडावर हसू, जणू काही घडलंच नाही.
मावशीने मासा तराजूत घातला.
बाजारभाव विचारायला मला पळवलं.
डोक्याचं वजन वजा केलं.
वहीत मांडलं,
'जिल्वान, इंजिन, सातवा हप्ता, अंशतः',
आणि मग त्याला मिठी मारली.
या क्रमाने.

परवा मला माझं स्वतःचं कार्ड मिळालं.
औषधांच्या दुकानातली नोकरी, वय एकोणीस,
नाव उठावाच्या अक्षरांत.
मावशीने ते घेतलं,
अंगठा फिरवला नावावरून, उलटा, सुलटा,
आंधळी माणसं वाचतात तसा.
छान म्हणेल वाटलं.
म्हणाली, बंद कितीला होतं?
मला माहीत नव्हतं.

तिने माझ्यासमोरचं ताट उचललं,
झाकून ठेवलं.
जा, आधी विचारून ये.

गेले.
ऊन चढलेलं, रस्ता भाजत होता,
पायात तीन हप्त्यांतली चप्पल,
आणि तिच्या वहीत, माझ्या पानावर,
एक हप्ता अजून बाकी.