सहअर्जदार

सानपाड्याच्या शाखेत कुरणे मॅडमनी
स्क्रीन माझ्याकडे अर्धवट वळवली,
डॉक्टर एक्स-रे दाखवतात तशी.
पाचशे ब्याऐंशी.
माझा नव्हे. माझा सातशे एकाहत्तर,
फ्रीजपासून स्कूटीपर्यंत
एक हप्ता चुकलेला नाही.
पाचशे ब्याऐंशी शैलेंद्रचा,
आणि तो शेजारच्याच खुर्चीत बसून
पाण्याच्या ग्लासावरचं झाकण
सरळ करत होता.

"इथे सेटल्ड आलंय," मॅडम म्हणाल्या.
आमच्या वेळी आत्या स्थळ घेऊन आली
तेव्हा हाच शब्द होता तिच्या तोंडात:
मुलगा सेटल आहे,
कोपरखैरण्यात स्वतःचं दुकान, लॅपटॉप दुरुस्तीचं.
पुढे दुकान गेलं, दोन कार्डं राहिली.
कार्डांचं भरायला एक अ‍ॅप,
त्या अ‍ॅपचं भरायला दुसरं,
आणि एका दुपारी फोन थेट डायलिसिस सेंटरात,
मी चार नंबरच्या मशीनवर
एका आजोबांना सुई लावत असताना:
"तोरसकर तुमचे कोण?"

एक लाख ऐंशी होते. बहात्तर हजारांत मिटवले.
त्या रात्री बेलापूरला सुरमईची थाळी खाल्ली,
दोघांत एक,
मिटलं म्हणून.

मिटवलेलं आणि फेडलेलं
यांतला फरक बँकेला कळतो.
मला तेव्हा कळला नव्हता.
त्याला कळला होता का,
हे मी अजून विचारलेलं नाही.

"तुम्ही एकट्या अर्ज करा.
यांना सहअर्जदार नका घेऊ."
मॅडम इतक्या हळू बोलल्या
जणू तो झोपलाय.

एकटीच्या पगारात खारघर बसेना.
बोट मेट्रोच्या रेघेवरून सरकत
पेंधरपर्यंत गेलं.
तळोजा, फेज दोन, वन आरके, चौथा मजला.
वारा फिरला की एमआयडीसीचा वास.
"सवय होते," एजंट म्हणाला.
"वासाला सिबिल लागत नाही," शैलेंद्र म्हणाला.
मी तिथे हसले नाही.
रिक्षात हसले.

अर्जावर माझं नाव लिहिताना
मधोमध तो आलाच:
हेमांगी शैलेंद्र तोरसकर.
तिथून त्याला कोणता नियम काढणार?
'अवलंबित व्यक्ती'च्या रकान्यात कृतिका.
खालची ओळ मोकळी होती, पेन तिथे थांबलं.
"लिही," तो म्हणाला.
नाही लिहिलं.
तुर्भ्याला कुणाच्या तरी दुकानात तो रोजावर जातो,
सहाशे रुपये
डब्याच्या पिशवीत घालून घरी आणतो,
डब्याचा तेलकट वास येतो त्या नोटांना.
नॉमिनीच्या ओळीत मात्र लिहिलं.
म्हणजे घर त्याचं होणार,
पण माझ्यामागे.

पनवेलच्या निबंधक कार्यालयात
टोकन एकशे चौदा.
बिल्डरच्या माणसानं दोन साक्षीदार सांगितले होते,
आला एकच.
"ओळखीचं कोणी आहे का सोबत?"
शैलेंद्र उठला. खिशातून आधार काढलं.
क्लार्कनं एका दमात वाचलं:
सदर इसम असे निवेदन करतात की
ते दस्तऐवज करून देणाऱ्यांना
व्यक्तिशः ओळखतात.

मशीननं अंगठा घेतला नाही.
सोल्डरिंगनं त्याची बोटं गुळगुळीत झाली आहेत.
पुसला, परत ठेवला. नाही.
मागची रांग चुळबुळली.
मी ओढणीचं टोक पुढे केलं,
त्यानं त्यात पुसला.
तिसऱ्यांदा उमटला.

"किती वर्षांपासून ओळखता?"
क्लार्कनं मान वर न करता विचारलं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
हाही आकडा
माझ्याच नावावर असल्यासारखा.