दावा क्रमांक एक

अल-ख्वैरच्या कचेरीत जूनमध्ये स्वेटर लागतो.
काचेपलीकडे सेहेचाळीस, डोंगर भाजून काळे.
माझ्या पडद्यावर अर्ज: सत्तावीस दावे, नऊ आकृत्या,
आणि मेंदूतली एक रक्तवाहिनी
जिच्या कडेला फुगा आलाय, करवंदाएवढा.

दावा क्रमांक एक म्हणतो:
एक पद्धत, ज्यात
आधी घेतलेली प्रतिमा चालू क्ष-किरणांवर बसवली जाते,
ज्यात जाळी उघडताना किती आखडेल याचं गणित होतं,
आणि ज्यात ती जिथे टेकेल ती जागा
ठिपक्याने दाखवली जाते.
सगळं एकाच वाक्यात. पूर्णविराम एक, तोही शेवटी,
रीतच तशी आहे.
श्वास कुठे घ्यायचा ते मसुद्यात नाही.

दोनच प्रश्न, बदरिया अल-हिनाई म्हणते,
नवं आहे का?
आणि कुशल माणसाला सहज सुचलं असतं का?

या कुशल माणसाला मी अकरा वर्षं ओळखतो.
त्याने सगळं वाचलंय, जर्मन-जपानीसकट,
हात चांगला आहे,
पण कल्पना त्याला सुचायची नाही, असा दंडक.
त्याला भूक नाही, नाव नाही.
व्हिसा लागत नाही.

गुरुवारी रात्री रुवीत, सुरमईच्या थाळीवर,
समोर बसतो दत्ताराम चेंदवणकर,
मूळचा कुडाळचा, एकवीस वर्षं कॅथलॅबमध्ये.
अर्जाबद्दल बोलायची मला मुभा नाही.
नुसतं विचारलं, जाळी उघडताना आखडते का रे?

"आखडणारच. जाळं रुंदीत ओढ, लांबीत कमी होतं.
कधी पागायला गेला नाहीस?"
काटा ताटाच्या कडेला ठेवत म्हणाला,
"डॉक्टर विचारायचे, दत्ता, कुठे?
मी मेणाच्या पेन्सिलीने काचेवर ठिपका काढायचो.
दोन मिलिमीटर पुढे. नळी वाकडी असली तर तीन."

कधीपासून?
"जुनं मशीन होतं तेव्हापासून. धाकटी झाली त्या साली."
मी मनात वजाबाकी केली. अर्जाच्या आधी नऊ वर्षं.

लिहून ठेवलंयस कुठे?
"ते कशाला? केस संपली की स्पिरिटने काच पुसायची.
ह्याच्या मेंदूवर त्याचा ठिपका नको."

रविवारी नियम काढून बसलो.
वापर सार्वजनिक होता का?
दार बंद, वर लाल दिवा,
बघणारे चौघे, पाचव्याला भूल.
कागद नाही, तारीख नाही, काच स्वच्छ.

आणि खरं सांगायचं तर अर्जदारही खोटा नाही.
त्याचा ठिपका रुग्णाच्या श्वासाबरोबर सरकतो, दावा सहा.
दत्तारामचा सरकत नसे.
तो म्हणायचा, धरा श्वास,
आणि खोलीतले सगळेच धरायचे.

चार रात्री शोधलं. दावा सहाला कुठेच काही सापडेना.
दावा एकसाठी सापडलं ते तीन पानांचं पोस्टर,
इझमीरच्या कुठल्याशा परिषदेतलं, तारखेसह,
विषय भलताच, भूल देण्याच्या मात्रेचा.
पण फोटोत मागे एक मॉनिटर,
काचेवर निळा ठिपका.

अहवालात लिहिलं:
दावा एक नवा नाही, पाहा दस्तऐवज डी-१.
दावा सहा ग्राह्य.
बदरियाने सही करताना विचारलं,
डी-१ मध्ये नेमकं कुठे?

पान दोन, आकृती तीन, डावा कोपरा.
ठिपक्याजवळ एक अंगठा आहे,
नख बारीक कापलेलं,
बाकीचा माणूस चौकटीबाहेर.