आवाजाचा रकाना

चॅपेलच्या मागच्या खोलीत, दर गुरुवारी,
स्लेटच्या खाणी मिटल्यावर उरलेल्या या वेल्श गावात
आम्ही सात-आठ म्हातारे आणि एक टेबल,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
टेबलावर चढ : चाळीसात एक.
म्हणजे चाळीस इंच पुढे गेलं की एक इंच वर.
हसू नका.
बटणाएवढ्या चाकांना तो घाटच असतो.

मी डबे मोजतो. वही माझ्याकडे.
तारीख, इंजिन, मालक, डबे,
आणि स्प्रिंगच्या काट्यावर ओढ किती ग्रॅम.

आज पहिलं हॉवेलचं.
कोरं, हिरवं, पोटात चिप, टेंडरमध्ये स्पीकर.
रुळावर ठेवलं तर नुसतं उभं असतानाच
श्वास घ्यायला लागलं :
पंपाची टकटक, फावड्याची खरड,
कुठल्याशा झडपेतून फस्स.
आमची चहाची किटली लाजली.
मग शिट्टी.
नेस्टनं, जिला आता फक्त उजेड-अंधार कळतो,
विणकाम मांडीवर ठेवलं.
बाप फायरमन होता तिचा.
"हे आपल्या बाजूचं नाही," ती म्हणाली,
"चाकाच्या एका फेऱ्याला सहा ठोके पडतायत.
तीन सिलिंडरचं आहे हे. तुझ्याला तर दोनच ना?"
हॉवेलनं चष्मा लावून, वाकून मोजले.
दोनच होते.
कारखान्यानं कुणाचा तरी कंठ
कुणाला तरी लावला होता.

डबे जोडले. सात. नऊ. अकरा.
अकराव्याला, चढाच्या मध्यावर,
चाकं जागच्या जागी फिरायला लागली
आणि आवाज मात्र चढतच राहिला,
डोंगर ओलांडून, बोगद्यातून,
पलीकडच्या खोऱ्यात उतरून
समुद्रापर्यंत पोचला असेल.
गाडी तिथंच.
उथळ पाण्याला खळखळाट फार,
म्हणायला सोपं आहे.
पण ते पाणी नेस्टच्या चेहऱ्यावर
किती खोल उतरलं होतं, मी पाहिलं होतं.

दुसरं इद्वालचं.
चाळीस वर्षांचं, काळा रंग कोपऱ्यांवर उडालेला.
बॉयलरमध्ये त्यानं शिसं ठासलंय,
याच चॅपेलच्या छपराच्या कडेचं,
दुरुस्तीच्या वेळी उतरवलेलं.
पाद्रीबुवांना माहीत आहे, आणि माहीत नाही.
मागच्या चाकांना रबराची कडी.
आवाज? गिअरची बारीक कुरकुर,
शेजारच्या घरात शिलाई मशीन चालावं तशी.
अकरा. चौदा. सोळा.
हॉवेलनं आपले डबे पुढे केले, न बोलता.
एकोणीस.

चढावर ते मंदावलं, थांबलं नाही.
पाठीवर पोतं घेऊन जिना चढणारा माणूस
वर पोचेपर्यंत कुणाशी बोलत नाही,
तसं.

हॉवेलनं स्वतःच्या इंजिनाचा आवाज बंद केला.
तेव्हा मला ऐकू आलं.
इद्वाल टेबलाच्या कडेशी वाकला होता,
डोळे चाकांच्या पातळीत,
आणि ओठ हलत होते :
भक्... भक्... भक्... भक्,
एका फेऱ्याला चार, अचूक,
चढ अवघड झाला तसे जड,
आणि शेवटचा डबा माथ्यावर आला तेव्हा
नाकातून एक लांब फस्स.
पंचवीस वर्षं हाच माणूस सांगत आला होता,
आवाज म्हणजे पोरखेळ, ओढ दाखवा, ओढ.

नेस्टनं सुया पुन्हा उचलल्या.
"हे मात्र आपल्या बाजूचं," ती म्हणाली.

वहीत आवाजाला रकाना नाही.
मी एकोणीस लिहिलं, काटा पाहून एकशे बेचाळीस लिहिलं,
आणि समासात, पेन्सिलनं : चार ठोके.
इद्वालनं वही ओढून वाचली.
कान लाल झाले.
मग चहा थंड झालाय म्हणून
माझ्यावरच खेकसला.