दोघांत एक घोट

गाडी मी चालवणार, म्हणून प्यायचं त्याने.
दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं ते गेलंच,
म्हणून वास घ्यायचा मी.
असा हिशेब करून आम्ही इव्हान्सव्हिलहून निघालो.
मागच्या सीटवर बर्फाचा डबा, डब्यात उकडलेली अंडी,
आणि शेजारी व्हर्जिल, मी रस्ता चुकणारच या खात्रीने
नकाशा मांडीवर पसरून.

पहिल्या भट्टीतला गाइड पोरगेलासा, टेरेल नावाचा.
त्याने हौदाचं झाकण सरकवलं:
मक्याचा पिवळा रांधा आतल्या आत खदखदत होता,
खाली जाळ नसताना.
"कालच्यातलं थोडं आजच्यात घालतो," तो म्हणाला,
"आजच्यातलं उद्याच्यात."
विरजणच की.
व्हर्जिलने बोट बुडवून चाखलं. "आंबट."
एवढं त्याला कळतं. आंबट, गोड, खारट, जळजळ.
बाकीचं सगळं माझ्याकडे.

पेल्यात नाक घातलं.
"व्हॅनिला," मी म्हटलं. "कॅरमेल. ओक."
घोट तोंडात धरून तो माझ्याकडे बघत राहिला,
बिल फुगवणाऱ्या मेकॅनिककडे बघतो तसा.
"हे तर भिंतीवर लिहिलंय.
तुला काय येतंय ते सांग."

दुसरीकडे नुसती गोदामं, सात-सात मजली.
भोवतीची झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काळी;
उडालेल्या दारूवर पोसलेली बुरशी,
टपालपेट्यांवर, कुंपणांवर, एका कुत्र्याच्या घरावरसुद्धा.
रस्त्यापलीकडे एक बाई नळी घेऊन पायऱ्या धूत होती.
तिने हात केला. हसली नाही.

आत अंधार, थंडावा, आणि पिंपांच्या रांगा.
एक पिंप एकदाच.
आतून जाळायचं, भरायचं, वर्षानुवर्षं वाट बघायची.
मधल्या काळात जे उडून जातं
तो देवदूतांचा वाटा, म्हणे.
थाप मारली की कळतं कुठवर रिकामं झालंय ते.
व्हर्जिलने एका पिंपावर थाप मारली,
कान लावला,
मग आपल्याच नाकावर टिचकी.

तिसरी भट्टी टेकडीवर.
ओतणारी इमोजीन नावाची म्हातारी, पाठांतर न म्हणणारी.
नुसता पेला सरकवला तिने.
मी डोळे मिटले.
"तुझ्या वडिलांचं तंबाखूचं कोठार," मी म्हटलं,
"ऑक्टोबरातलं. पानं उलटी टांगलेली,
आणि कुणीतरी तिथं सफरचंदं विसरलंय."
त्याने घोट गिळला नाही. बोटानेच खुणावलं, अजून.
"पावसात भिजून वाळलेलं कातडी जीन."
अजून.
पण माझं नाक दमलं होतं. पेल्यात आता नुसती दारू.
मग मी ठोकून दिलं:
"जेनेल झाली त्या रात्री तू दूध करपवलंस ना, तसं काहीतरी."
त्याने आता गिळलं. बराच वेळ गप्प.
"दूध नव्हतं ते. ओटमील होतं.
आणि करपवलं तुझ्या आईने."
असं म्हणून खो खो हसला,
नाकपुड्या फुलवून, मला वाटलं आता शिंकतोच.
इमोजीनने न विचारता पेला पुन्हा भरला.

रात्री बार्डस्टाउनच्या मोटेलात चावी खुंटीला लागल्यावर
माझी पाळी. बाथरूममधला प्लास्टिकचा ग्लास.
पहिला घोट घेतला आणि ठसका लागला.
तो पलंगावर पाय पसरून मला ऐकवत होता:
"बघ, कोठार. मग सफरचंदं. आता जीन येईल, थांब."
आणि आलं. खरंच त्याच क्रमाने आलं.

सकाळी तळाशी बोटभर उरली होती, टीव्हीशेजारी.
दाढी करता करता त्याने ती बेसिनमध्ये ओतली
आणि गरम पाण्याचा नळ सोडला.
सगळी खोली भरून गेली,
पडदे, चादरी, माझे केस;
आणि तो मधोमध उभा, गालाला फेस,
"अंडी संपली का गं?" विचारत.

मी सांगितलं नाही.
थोडा वाटा माझाही असू दे.