अंधारातच दिसतं

बंद पडलेल्या जिनिंगच्या लिलावात
दिघोरेबाईंनी ही मोटार घेतली तेव्हा फाटा हसला होता.
टप नाही, दोनच शिटा,
लाल रंग उन्हानं वाळल्या मिरचीचा झालेला.
बाई म्हणाल्या, दोनच शिटा म्हणून तं घेतली,
वऱ्हाड न्याले कोणी मागणार नाही.

बाईंनी मला आठवीत गणित शिकवलं.
मी नापास झालो, पाना हातात घेतला.
पण त्यांच्या गाडीचं बोनेट उघडलं
की अजून फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटतं.

दुखणं असं: सकाळी नीट, चढावर खोकते,
ढगाळ असलं तर सेल्फच्या पुढे जातच नाही.

आधी पॉइंट काढले.
एकावर टेकडी, दुसऱ्यावर खड्डा.
इतकी वर्षं एकमेकांवर आपटून
एकाचा धातू दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेला.
नवे बसवले. फीलरच्या पत्त्या गंजल्या होत्या,
पोस्टकार्ड दुमडून फट लावली.
बाई चष्म्यावरून:
"अंदाजे हे उत्तर नसते, मधुकर."
मी म्हटलं, इथे असते.

मग कंडेन्सर. रोटर. चार प्लग.
तारा पाच, उन्हानं कडक, वाकवल्या की मोडायच्या.
मी पुटपुटत जोडत होतो, एक, तीन, चार, दोन,
बाईंनी थांबवलं. हा कोणता क्रम?
इंजिनाचा, बाई.
बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत,
चूक शोधत असाव्यात.

तरी खोकली.

आता रात्रीच पाह्याचं, मी म्हणालो,
उजेडात करंट लपतो.
तर त्या दिवशी लाइट जाईचना!
रोज सातला न विचारता जाणारी,
त्या दिवशी नऊ वाजले, खांबावरचा दिवा
बरोबर बोनेटवर, लग्नातल्या फोटोग्राफरसारखा.
बाईंनी फोन लावला.
"उकंडा, पाच मिनिटं डीपी पाड."
काहून, असं उकंडराव लाइनमननं विचारलं नाही.
तोही आठवीतला.

गाव गेलं.
कुठल्याशा घरात टीव्हीतली बाई
रडता रडता मध्येच तुटली.
मी गाडी चालू केली, आणि

डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर, दोन नंबरच्या बुडाशी,
केसाएवढ्या भेगेतून
निळं काही तरी धावत होतं.
येई, उतरे, विझे, येई.
पाटाचं पाणी आपल्या पाळीला
वावरात पोचायच्या आधीच
उंदराच्या बिळात शिरावं, तसं.

लोक ब्याटऱ्या घेऊन जमले.
"विझवा त्या!" बाई कडाडल्या.
विझल्या.
चाळीस माणसं अंधारात उभी,
कोणी खाकरलं नाही.
एका पोट्ट्यानं हळूच विचारलं, काय होय ते?
"गळती," बाई म्हणाल्या,
"नीट पाहून घे. दिवसा नाही दिसत."

नवी टोपी नागपूरहून यायला आठवडा लागणार होता.
कापराच्या दिव्याशी टोपी पुसून कोरडी केली,
समोरच्या घरच्या चेतनानं नेलपॉलिश दिलं, गुलाबी.
भेगेवर तीन हात मारले, वाळू दिले.
गाडी लागली. चारही भांडी एका सुरात.

पाच मिनिटांचा तास झाला होता.
उकंडरावचा फ्यूज परत बसेना,
खांबाखाली शिव्या सुरू, अर्ध्या त्याला, अर्ध्या मला,
बाईंना द्यायची कोणाची टाप नव्हती.
बाईंनी पदर खोचला, गिअर टाकला,
धुऱ्यावरून गाडी डीपीसमोर आणून लावली
आणि दिवे सोडले.
एकच लागला. दुसऱ्याकडे मी अजून पोचलो नव्हतो.

त्या एका डोळ्याच्या पिवळ्या उजेडात
उकंडराव तार पिळत बसला,
मी बोनेटवर हात ठेवून मोजत होतो,
एक, तीन, चार, दोन,
आणि बाई शेजारच्या रिकाम्या शिटेकडे बोट दाखवत
पोट्ट्याला म्हणत होत्या,
बस. पण उद्यापासून रोज मागाचं नाही.