सोमवारच्या आत

नंदेसरीच्या रंग-कारखान्यात
पगार एकोणीस हजार, बस कंपनीची,
सोमवारी हजर व्हायचं.
फतेगंजात एमएस्सीची फी
सोमवारीच भरायची.

बाबा काही म्हणत नाहीत.
फक्त स्कूटरचा टायर या महिन्यातही
बदलत नाहीत.

मुलाखतीत शहासाहेबांनी विचारलं,
हा निळा उन्हात का विटतो?
मी अर्धं सांगितलं.
ते म्हणाले, चालेल, इथं एवढं पुरे.

परतीच्या बसमध्ये शेजारची झोपलेली,
गळ्यात ओळखपत्र,
नखं निळी.

दांडिया बाजारात उतरले,
शेवउसळ खाल्ली, पाव जास्तीचा घेतला,
तरी ते ‘पुरे’
घशाशी तसंच.

बोटावर सिल्व्हर नायट्रेटचा डाग.
घासून जात नाही,
कातडी बदलली की जातो.
आठवडा लागतो.

आज गुरुवार.